गट नंबरावर टिचकी मारली की काय घडते?

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने रांजणगावचा महागणपती मागे टाकला की कारेगाव येते. शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तसे इथल्या जमिनीला मोल आले. मोल आले की कागदाची गरज वाढते: सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा. त्यासाठी चावडीवर खेटे घालणे आता पुष्कळ कमी झाले आहे. महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर जिल्हा पुणे, तालुका शिरूर आणि पुढे गावाचे नाव निवडले की गावचा नकाशा पडद्यावर उमटतो. हव्या त्या गटावर माउसने टिचकी मारली की तेवढाच तुकडा उठून दिसतो आणि बाजूला त्याची माहिती येते.

पाहणाऱ्याला ही एकच कृती वाटते. संगणकाच्या दृष्टीने मात्र त्या क्षणभरात अनेक घटना घडलेल्या असतात. माउस हलला, बाण एका गटातून दुसऱ्यात शिरला, थांबला, बटण खाली गेले, बटण वर आले. वेब पान बनवणाऱ्याचे निम्मे कसब यातली कोणती घटना ऐकायची आणि कोणती सोडून द्यायची हे ठरवण्यात असते. जवळपास वीस वर्षे जगभरातल्या प्रोग्रामरांनी या कामासाठी जेक्वेरी नावाचे अवजार वापरले, आणि आजही असंख्य पानांच्या पोटात ते आहे.

माउसबद्दल एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. बाण पडद्यावर कुठे आहे हे माउसला ठाऊकच नसते. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये पहिला माउस बनवला. ते लाकडी खोके होते आणि त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक चाक आडवी हालचाल मोजायचे, दुसरे उभी. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जगापुढे चालवून दाखवला. चाकांच्या जागी पुढे गोळी आली, गोळीच्या जागी प्रकाश आला, पण माउस आजही तेवढेच सांगतो: इतका डावीकडे सरकलो, इतका वर सरकलो. साधा यूएसबी माउस हा निरोप सेकंदाला 125 वेळा पाठवू शकतो. त्या निरोपांची बेरीज करून बाणाची जागा ठरवते ती संगणकाची कार्यप्रणाली. आणि त्या जागी पानावरची नेमकी कोणती वस्तू आहे, बटण, चित्र की गट, हे शोधून काढतो ब्राउझर.

ती वस्तू लहान असेल तर काम अवघड होते, आणि किती अवघड होते याचे गणित आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये दाखवले की हात लक्ष्यापर्यंत नेण्याचा वेळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर, लॉगॅरिदमच्या प्रमाणात, अवलंबून असतो. माउसलाही हाच नियम लागू पडतो, हे कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी 1978 मध्ये प्रयोगांनी सिद्ध केले. यातले इंग्लिश म्हणजे पहिला माउस बनवणारेच. आपल्याकडे 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने विखुरलेल्या जमिनी एकत्र करून गट पाडले. पुढे भावाभावांत वाटण्या होत गेल्या. गावनकाशात जिथे बारीक तुकडे दाटीने बसले आहेत, तिथे नेमक्या गटावर बाण टेकवायला जो त्रास होतो त्याचे कारण फिट्स यांच्या सूत्रात आहे. नकाशा मोठा करून पाहण्याची सोय म्हणूनच आवश्यक ठरते.

आता ब्राउझरकडे वळू. 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला आराखडा उभा केला. या भाषेमुळे वेब पानाला प्रथमच माउसची चाहूल लागू लागली. पण लवकरच नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात चुरस पेटली आणि प्रत्येकाने आपापली रीत रूढ केली. गटावर टिचकी पडली, तर ती आधी कोणी ऐकायची? गटाने, की गट ज्या नकाशात आहे त्या नकाशाने, की अख्ख्या पानाने? नेटस्केपने सांगितले, वरून खाली. जिल्हाधिकारी कार्यालयातून निघालेला आदेश प्रांत, तहसीलदार, मंडल अधिकारी असे टप्पे घेत तलाठ्यापर्यंत येतो, तशी. मायक्रोसॉफ्टने सांगितले, खालून वर. तलाठ्याकडे दिलेला अर्ज जसा पायरीपायरीने वर चढतो, तशी. नोव्हेंबर 2000 मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने दोन्ही रीती मान्य केल्या: घटना आधी वरून खाली येईल, लक्ष्यापर्यंत पोचेल आणि मग पुन्हा वर जाईल.

मानक ठरले, पण मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ते पाळायला तयार नव्हता. तो त्या काळी सर्वाधिक संगणकांवर होता, त्यामुळे त्याला टाळताही येईना. घटना ऐकण्याची आज्ञा त्याची वेगळी. ज्या वस्तूवर टिचकी पडली तिचे नाव विचारण्याची पद्धत वेगळी. मानकात डाव्या बटणाचा क्रमांक 0, मधल्याचा 1 आणि उजव्याचा 2, तर एक्सप्लोररमध्ये डावे 1, उजवे 2 आणि मधले 4. साधा मेनू उघडण्यासाठी प्रोग्रामरला एकच गोष्ट दोन-दोनदा लिहावी लागे आणि प्रत्येक ब्राउझरवर तपासावी लागे. त्या काळात वेबचे काम करणाऱ्यांनी या कटकटीत घालवलेले तास कोणत्याही हिशेबात नोंदले गेलेले नाहीत.

जानेवारी 2006 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका मेळाव्यात जॉन रेसिग या तरुणाने जेक्वेरी सादर केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. डॉलरचे चिन्ह, कंसात हव्या त्या वस्तूची खूण, पुढे घटनेचे नाव, आणि घटना घडली की काय करायचे ते. बस्स. ब्राउझर कोणता हे जेक्वेरी आपली आपण पाहून घेई. बटणांचे क्रमांकही तिने सर्वत्र सारखे केले: डावे 1, मधले 2, उजवे 3. माझ्या मते जेक्वेरीचे खरे मोठेपण तिच्या चमकदार हालचालींत नव्हते. दोन बलाढ्य कंपन्यांच्या भांडणाचा भार तिने नवशिक्या प्रोग्रामरच्या खांद्यावरून उतरवला, यात होते.

शिरूरच्या एखाद्या कॉलेजातल्या विद्यार्थिनीने आपल्या गावच्या नकाशाचे छोटे रूप जेक्वेरीत करायला घेतले, असे धरून चालू. प्रत्येक गट म्हणजे एक आकृती. पहिला विचार असा येतो की प्रत्येक आकृतीला टिचकी ऐकायला लावायचे. गावात शेकडो गट असतील, तर शेकडो कान लावावे लागतील. पण घटना खालून वर चढतात हे कळले, की फक्त नकाशावर एक कान पुरतो. कोणत्याही गटावरची टिचकी चढत चढत नकाशापाशी येणारच. तिथे विचारायचे, निघालीस कुठून? नोव्हेंबर 2011 च्या 1.7 या आवृत्तीत आलेली ‘ऑन’ ही आज्ञा हे काम एका ओळीत करते. यात आणखी एक सोय आहे. उद्या फेरफार होऊन नकाशात नवा गट आला, तरी त्याच्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही. आकृतीचा रंग बदलताना मात्र जुनी जेक्वेरी घोटाळा करी. रंगरूप ठरवणारा ‘वर्ग’ (क्लास) जोडण्याची तिची आज्ञा अशा रेखाकृतींवर चालत नसे. 2016 सालच्या आवृत्त्यांपासून ती चालू लागली.

मग ती विद्यार्थिनी ठरवते की बाण गटावर नुसता नेला तरी खातेदाराचे नाव दिसावे. ती ‘माउसओव्हर’ ही घटना निवडते आणि नावाची चौकट लुकलुकू लागते. कारण गटाच्या आत गट नंबर लिहिलेला आहे, विहिरीची खूण आहे. बाण गटातून त्या अक्षरांवर सरकला, की ‘माउसओव्हर’च्या हिशेबात तो गटातून बाहेर पडला. अक्षरांवरून सरकला, की पुन्हा आत आला. माणसाच्या दृष्टीने तो त्याच शेतात आहे, पण ब्राउझर प्रत्येक खुणेपाशी नवी वर्दी देतो. यावर ‘माउसएंटर’ आणि ‘माउसलीव्ह’ ही जोडी आहे. गंमत म्हणजे ती मूळची त्याच बदनाम इंटरनेट एक्सप्लोररची. जेक्वेरीने ती सगळ्या ब्राउझरांना मिळवून दिली. बाण जिथून आला ती वस्तू या गटाच्याच पोटातली आहे का, हे जेक्वेरी तपासते. पोटातली असेल तर गप्प बसते.

अजून एक अडचण उरतेच. नकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बाण नेताना वाटेत तीस-चाळीस गट लागले आणि प्रत्येक वेळी खातेदाराचे नाव सर्व्हरकडून मागवले, तर नको असलेल्या मागण्यांचा ढीग लागतो. म्हणून बाणाचा वेग पाहायचा, तो मंदावला तरच विचारायचे. ब्रायन चर्न यांनी याच युक्तीवर होव्हरइंटेंट हे जेक्वेरीचे जोडअवजार बनवले. हालचालीतून माणसाचा इरादा ओळखणारे हे थोडेसे गणित मला फार आवडते.

दोनदा टिचकी मारण्याच्या सवयीने मात्र खरे नुकसान होते. विंडोजमध्ये फोल्डर उघडायला दोनदा टिचकावे लागते, म्हणून अनेकजण वेब पानावरही तसेच करतात. दोन टिचक्यांत अर्ध्या सेकंदापेक्षा कमी अंतर असेल, तर विंडोज तिच्या मूळ मांडणीत त्यांना जोडटिचकी मानते. ब्राउझर मात्र आधी पहिली टिचकी कळवतो, मग दुसरी, आणि त्यानंतर जोडटिचकी. म्हणजे ‘पैसे भरा’ या बटणावर दोनदा टिचकावले तर आज्ञा दोनदा जाऊ शकते. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचे 15 रुपये असोत की परीक्षेची फी, ज्याच्या खात्यातून ते दोनदा जातात त्याचा दिवस वाया जातो. पहिली टिचकी पडताच बटण निकामी करणे किंवा जेक्वेरीची ‘वन’ ही एकदाच ऐकणारी आज्ञा वापरणे, हा एका ओळीचा इलाज आहे. तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर ती नाकारण्याची खबरदारी सर्व्हरवरही हवी. हे न करणाऱ्या पानाला मी अपुरे काम मानतो.

इथवर सगळे माउसचे झाले. पण कारेगावात कंपनीची पाळी संपवून खोलीवर आलेल्या कामगाराच्या हातात माउस नसतो, फोन असतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकरी बांधावर उभे राहून फोनवरच नोंदवतो. बोट पडद्यावर टेकते किंवा टेकत नाही. माउसच्या बाणासारखे ते नुसते वर तरंगत राहिले, तर पानाला काहीच कळत नाही. जुनी पाने चालावीत म्हणून फोनचा ब्राउझर बोटाच्या स्पर्शानंतर माउसच्या घटनांची नक्कल करतो. सुरुवातीच्या स्मार्टफोनांत तर स्पर्श आणि टिचकी यांत सुमारे 300 मिलिसेकंदांचा खंड पडे, कारण पान मोठे करण्यासाठी दुसरा स्पर्श येतो का याची ब्राउझर वाट पाही. आता माउस, बोट आणि लेखणी या तिन्हींसाठी ‘पॉइंटर’ घटनांचे एकच मानक आहे. डब्ल्यूथ्रीसीने ते 2015 मध्ये मंजूर केले.

फोनपाठोपाठ कळफलकाचा विचार येतो. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात कापतो, ते माउस वापरतच नाहीत. टॅब आणि एंटर या कळांनी ते पान चालवतात. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्येच प्रसिद्ध केली आहेत आणि सर्वांना वापरता येईल असे पान हा त्यांचा गाभा आहे.

जेक्वेरी आज शिकावी का, असे विद्यार्थी विचारतात. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी निरोप दिला. घटना ऐकणे, वर्ग बदलणे, जवळची वस्तू शोधणे ही सारी कामे आज नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये सगळ्या ब्राउझरांत सारखी होतात. नवे पान बनवायला जेक्वेरी लागतेच असे नाही. पण जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे असलेली वर्डप्रेस ही प्रणाली जेक्वेरी सोबत घेऊनच येते, आणि पहिल्या नोकरीत बहुधा जुने पान दुरुस्त करायचेच काम मिळते. तेव्हा आधी घटनांचा वर-खाली प्रवास नीट समजून घ्या आणि मग जेक्वेरी वाचा, ती दोन दिवसांत हाताशी येईल. जुन्या पानात 3.5 च्या आधीची आवृत्ती दिसली तर ती बदला. एप्रिल 2020 मध्ये 3.5 या आवृत्तीने सुरक्षेतली एक फट बुजवली आहे.

आणि पान बनवून झाले की माउस बाजूला ठेवून ते एकदा स्वस्तातल्या फोनवर बोटाने, एकदा नुसत्या कळफलकाने चालवून पाहा. खातेदाराचे नाव, अर्जाची शेवटची तारीख, फीची रक्कम यांतले काहीही फक्त बाण नेल्यावर दिसत असेल, तर ते उघड्यावर आणा.