एक किलोला हजार कोटी: वजन उतरवणं आणि उतरलेलं टिकवणं



बंदीचे दिवस आहेत. बोटी वर ओढल्यात, जाळ्यांची कामं चालू आहेत आणि दुपारच्या गप्पांत एकच विषय फिरून फिरून येतोय. ते वजन कमी करायचं इंजेक्शन कुठे मिळतं? कोणी सांगतं, ऑपरेशन करून पोटच लहान करतात. सोसायटीच्या ऑफिसात मला तीन-चार जणांनी हेच विचारलं. मी काही डॉक्टर नाही. पण वाचून आणि जाणत्यांना विचारून जेवढं नीट समजलं तेवढं इथे लिहितो.

सुरुवात उज्जैनपासून करतो, कारण तिथली गोष्ट आपल्या प्रश्नाला अगदी चपखल बसते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये नितीन गडकरी उज्जैनला रस्त्यांच्या कामांच्या कार्यक्रमाला गेले होते. तिथले खासदार अनिल फिरोजिया अंगाने चांगलेच भारी. गडकरींनी भर सभेत सांगितलं की जितके किलो वजन कमी कराल, त्या प्रत्येक किलोला उज्जैनच्या विकासासाठी हजार कोटी देतो. माझंही वजन एके काळी १३५ किलो होतं, आता ९३ आहे, हेही सांगितलं. सगळे हसले. पण फिरोजियांनी ते मनावर घेतलं. त्यांचं वजन तेव्हा १२७ किलो होतं. जूनपर्यंत १५ किलो उतरलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ३२ किलो उतरल्याचं सांगितलं. २,३०० कोटींच्या कामांना मंजुरी मिळाली असंही ते म्हणाले. ३२ किलोचे ३२ हजार कोटी काही झाले नाहीत, पण राजकारणातला हिशोब आपण सोडून देऊ.

आता आकडे बघा. एक १३५ वरून ९३ वर आला, दुसरा १२७ वरून ९५ वर. जवळजवळ एकाच जागी पोचले. रस्ते मात्र वेगळे. फिरोजियांनी पहाटे साडेपाचला उठणं, चालणं, पळणं, योग आणि ताटात एक भाकरी-पोळी, वाटीभर हिरवी भाजी, सॅलड असा नेम धरला. गडकरींनी सप्टेंबर २०११ मध्ये, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत बॅरिएट्रिक ऑपरेशन करून घेतलं होतं. सभेत टाळ्या पडल्या त्या किलोला. ऑपरेशनचा भाग बऱ्याच जणांना ठाऊकच नाही, म्हणून मग लोकांना वाटतं की मनात आणलं की झालं.

मनात आणून वजन उतरतं, हे खरं आहे. ते टिकत का नाही, हा खरा प्रश्न. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा होती. तिच्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले सरासरी ४१ किलो परत चढले. शरीर बसल्याजागी जेवढी ऊर्जा जाळतं, ती त्यांच्या वजनाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० कॅलरीने कमी झालेली निघाली. म्हणजे इंजिनच कमी डिझेलवर चालायला लागलं. त्यात भूक वाढते. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, साठा भरून घ्या. तेव्हा वजन परत चढलेल्या माणसाला आळशी म्हणणं मला तरी पटत नाही.

मग कोणी काय करावं? हे प्रत्येकाच्या अंगावर अवलंबून आहे. वजनाला किलोत मापून उत्तर मिळत नाही, उंची धरावी लागते. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय येतो. आपल्या भारतीय अंगात चरबी पोटाशी साठते, त्यामुळे मापं कडक आहेत. २३ च्या वर वजन जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. साडेपाच फुटाच्या आसपास, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ६८ किलोलाच २५ लागतो. आपल्यातले कितीतरी तांडेल त्याच्या पुढे आहेत! कमरेचं माप पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या आत हवं.

आणि वजन वाढलं कशाने, हे आधी शोधायचं. कोणाचं थायरॉइड, कोणाला दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड चालू, कोणी इन्सुलिनवर. काहींना झोपेत श्वास अडकतो, रात्रभर घोरतात आणि दिवसभर पेंगतात. आपल्या धंद्याचं म्हणाल तर पूर्वी वल्हवायचे, हाताने ओढायचे. आता इंजिन आणि विंच. पण बोटीवरचा भाताचा डोंगर आणि साखरेचा चहा तेवढाच राहिला. बाजारात दहा तास पाटावर बसणाऱ्या बाईचं कारण आणखी निराळं. सगळ्यांना एकच उपाय कसा लागू पडेल?

आता इंजेक्शन. ही माहिती आपल्याला खास आवडेल. या औषधाचं मूळ एका माशात सापडलं. अटलांटिकमध्ये अँगलरफिश म्हणून मासा आहे, डोक्यावर गळासारखा तुरा हलवून तो लहान मासे तोंडाशी बोलावतो. त्याच्या पोटात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची गाठ वेगळीच असते, काढायला सोपी. बोस्टनमध्ये जोएल हेबेनर यांच्या प्रयोगशाळेत या गाठीवर काम करताना १९८२ मध्ये एका नव्या हार्मोनचा माग लागला. पुढे सस्तन प्राण्यांत त्याच कुळातला जीएलपी-१ सापडला. जेवल्यावर आतड्यातून सुटून तो मेंदूला ‘पोट भरलं’ असं सांगतो. त्याची नक्कल म्हणजे आजचं सेमाग्लुटाइड. टिर्झेपॅटाइड त्याच्यासोबत आणखी एका हार्मोनची नक्कल करतं. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आलं.

गुण येतो, यात शंका नाही. मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. पण इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे हे बीपीच्या गोळीसारखं आहे, घेताय तोवर काम करतं. दोन महिने घेऊन सोडायचं असेल तर ते पैसे जाळ्यावर खर्च करा.

मार्चमध्ये आपल्याच बंदरातल्या एका खलाश्याने नातेवाइकाचं पेन उसनं आणून टोचून घेतलं. नाव लिहीत नाही. साखरेची गोळी चालूच होती, डॉक्टरला विचारलं नव्हतं. समुद्रात दुसऱ्या दिवसापासून उलट्या, पोटात अन्न नाही, वरून गोळी. साखर उतरली, घाम फुटला, हातपाय लटपटले. तांडेलाने साखरेचं पाणी पाजलं आणि बोट फिरवली. डिझेल गेलं, बर्फ गेला, माणूस वाचला. मळमळ, उलट्या, जुलाब हे या औषधाचे नेहमीचे त्रास आहेत, म्हणून डोस अगदी लहान सुरू करून हळूहळू वाढवतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात कोणाला थायरॉइडचा विशिष्ट कॅन्सर असेल किंवा दिवस राहिले असतील, राहायचे असतील, तर हे औषध चालत नाही. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस डॉक्टरांनाच कमी करावा लागतो. आणखी एक, खास आपल्यासाठी. हे पेन थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. बोटीच्या बर्फात पुरून ठेवलं आणि गोठलं, तर ते फेकून द्यायचं.

ऑपरेशन कोणासाठी? आपल्याकडच्या डॉक्टरांनी बरीच वर्षं धरलेलं माप असं की बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा साखर, बीपी, झोपेतला श्वास असा आजार जोडीला असेल तर ३२.५ च्या वर. वरच्याच १६५ सेंटिमीटरच्या माणसाला हे १०२ आणि ८८ किलोच्या आसपास येतं. अलीकडे आणखी खालच्या मापालाही विचार करतात. एका प्रकारात पोटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून नळीसारखं पोट ठेवतात, त्याने भुकेचं हार्मोनही घटतं. दुसऱ्यात लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, त्याला बायपास म्हणतात. ज्याला आधीच छातीत जळजळतं त्याला नळीवाल्याने ते वाढू शकतं. जुनी साखर असेल तर पुष्कळदा बायपासकडे कल असतो. स्वीडनमध्ये हजारो रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, त्यात बायपासवाल्यांचं वजन १५ वर्षांनंतरही सरासरी २७ टक्क्यांनी कमी होतं. टिकण्याच्या बाबतीत हाच उपाय पुढे आहे, हे मान्य करायला हवं.

पण त्यानंतरचं आयुष्य कोणी सांगत नाही. सुरुवातीचे काही आठवडे पातळ अन्न, महिना-दीड महिना जड ओढायचं-उचलायचं नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या जन्मभर. जेवण चार-पाच घासांचं, त्यात आधी प्रोटीन. इथे आपण नशीबवान, बांगडा आणि तारली दारात आहेत, फक्त तळू नका. बिडी-सिगारेट बंद, नाहीतर जोडावर व्रण होतात. आणि बंदरावरच्या लोकांनी हे दोनदा वाचावं: बायपासनंतर दारू झटकन चढते आणि काहींना तिची सवय लागते. ज्याची संध्याकाळ आताच बाटलीवर जाते, त्याने ते आधी डॉक्टरांना खरं सांगावं. तेही ऐकून ठरवतात.

बहुतेकांना यातलं काहीच लागणार नाही. दहा-बारा किलो जास्त असलेल्याने फिरोजियांचा रस्ता धरावा, अर्थात दोन किलो उतरले तरी थांबू नये. फिरोजियांवर सगळ्या गावाची नजर होती, ते घरी एकट्याला जमत नाही. म्हणून सोसायटीच्या कमिटीशी बोलून असं ठरवलंय की बंदी असेपर्यंत दर रविवारी सकाळी आठ ते दहा सोसायटीचा मोठा काटा आपल्यासाठी मोकळा. उंची मोजायला भिंतीवर पट्टी लावली आहे. वजन, कंबर आणि बीएमआय वहीत लिहून देऊ, वही कपाटात राहील, कोणाचा आकडा बाहेर जाणार नाही. मावशींसाठी नऊनंतर वेगळी वेळ ठेवली आहे, महिला सभासदच मोजतील. ३० च्या वर ज्यांचा आकडा येईल, किंवा ज्यांना साखर-बीपी आहे, त्यांनी सरकारी दवाखान्यात तपासून पुढचं विचारावं. येताना चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा.

– सचिव