नेत्रकर्करोगावरील जीन चिकित्सा

नेत्रकर्करोगावरील जीन चिकित्सा : डोळ्यातील कर्करोगाच्या कोशिकांत विशिष्ट जीन (गुणसूत्रावरील आनुवंशिक घटक) पोहोचवून त्यांची वाढ व प्रसार रोखण्याची उपचारपद्धती. ती अद्याप प्रायोगिक अवस्थेत असून तिचे महत्त्वाचे प्रयोग बालकांमधील जालपटलार्बुद या रोगावर झाले आहेत.

जालपटल हे डोळ्यातील सर्वांत आतील प्रकाशसंवेदी पटल होय. त्याच्या अपक्व कोशिकांपासून होणारे हे मारक अर्बुद (गाठ) बहुधा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत आढळते. सुमारे १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका बालकास हा रोग होतो. बाहुलीत दिसणारी पांढरट झाक व तिरळेपणा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रोग नेत्रगोलापुरता मर्यादित असता योग्य उपचारांनी बहुतेक मुले वाचतात. परंतु तो डोळ्यामागील तंत्रिकेवाटे मेंदूत किंवा रक्तावाटे अस्थिमज्जेत पसरल्यास प्राणघातक ठरतो.

कारणमीमांसा : एकाच जीनाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर हा रोग उद्‌भवतो, अशी उपपत्ती ॲल्फ्रेड नुडसन या अमेरिकन वैद्यकांनी १९७१ मध्ये मांडली. तेराव्या गुणसूत्रावरील हा जीन १९८६ मध्ये अलग करण्यात आला. कोशिका-विभाजनास आवर घालणे हे त्याचे कार्य असते. काही मुलांत त्याची एक सदोष प्रत जन्मतःच असते. म्हणून रुग्णाच्या भावंडांचे डोळे तपासणे अगत्याचे असते.

चिकित्सा : अर्बुदाचे सूक्ष्म कण डोळ्यातील काचाभ द्रवात विखुरल्यास तेथे रक्तपुरवठा नसल्यामुळे शिरेवाटे दिलेली औषधे पुरेशी पोहोचत नाहीत. ही अडचण ध्यानी घेऊन अमेरिकेतील ह्यूस्टन येथे दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या ८ मुलांवर जीन चिकित्सेचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. निरुपद्रवी केलेल्या ॲडिनोव्हायरसाच्या द्वारे हर्पीज व्हायरसातील एक जीन अर्बुदात सोडण्यात आला. या जीनामुळे गॅन्सिक्लोव्हिर हे औषध त्या कोशिकांतच विषारी बनते. बहुतेक रुग्णांच्या काचाभ द्रवातील अर्बुदकण नाहीसे झाले. एका रुग्णात ते ३८ महिन्यांनंतरही पुन्हा आढळले नाहीत. २०१९ मध्ये स्पेनमधील बार्सेलोना येथील संशोधकांनी रोगकोशिकांतच वाढून त्यांचा नाश करणाऱ्या व्हायरसाचे प्रयोग प्रसिद्ध केले. तथापि नेत्रगोलाबाहेर पसरलेल्या रोगावर या पद्धती सिद्ध झालेल्या नाहीत. औषधी उपचार, लेसर, शीत चिकित्सा व आवश्यक तेथे नेत्रगोल काढणे हेच रूढ उपचार होत.

महाराष्ट्रात टाटा स्मारक रुग्णालय (परळ, मुंबई) हे कर्करोगोपचारांचे प्रमुख केंद्र १९४१ पासून कार्य करीत आहे. त्याच्याशी संलग्न असलेल्या, रायगड जिल्ह्यातील खारघर येथील संशोधन केंद्राने मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने रुग्णाच्याच श्वेत कोशिकांत जीन-बदल करून त्या परत देण्याची पद्धती विकसित केली. तिला २०२३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली. ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, नेत्रकर्करोगासाठी नव्हे.

याच जिल्ह्यातील भिवपुरीहून मध्य रेल्वेच्या उपनगरी गाडीने परळला जाता येते. मात्र परिसरातील वाड्यापाड्यांवरील बालकाच्या बाहुलीतील पांढरी झाक आई, अंगणवाडी सेविका किंवा गावच्या डॉक्टरांनी ओळखली, तरच हा प्रवास वेळेवर घडतो. प्रसार रोखण्याचा आजचा सर्वांत खात्रीचा उपाय त्वरित निदान हाच होय.