एका पानाचे आठ मसुदे

संकेतस्थळावरच्या अर्जात कोणता पर्याय आधी दिसतो, कोणत्या चौकटीत आधीच खूण असते, किती रकाने भरावे लागतात, यावर माणसे काय निवडतील हे बरेचसे ठरते. सक्ती न करता, एकही पर्याय न वगळता आणि मोठे आमिष न दाखवता ही मांडणी बदलून वर्तनाला चांगले वळण देणे म्हणजे ‘नज’. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या २००८ मधील पुस्तकाने ही संज्ञा रूढ केली. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

अशी साधने घडवताना पहिला प्रश्न असतो तो वेळेचा. ब्रिटनमध्ये २०१३ मध्ये वाहनकर भरणाऱ्या किंवा वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी नोंदणी करणाऱ्या नागरिकांना काम आटोपताच सरकारी संकेतस्थळावर अवयवदानाच्या नोंदणीचे आवाहन दाखवण्यात आले. माणूस अर्ज भरायलाच बसलेला असल्याने आणखी एक नोंदणी त्याला जड वाटत नाही.

दुसरा प्रश्न शब्दांचा. त्या आवाहनाचे आठ मसुदे होते आणि दहा लाखांहून अधिक लोकांना त्यांपैकी कोणताही एक, चिठ्ठी टाकल्यासारखा, दाखवला गेला. साध्या विनंतीवर सुमारे २.३ टक्के लोकांनी नोंदणी केली. ‘तुम्हाला अवयवाची गरज पडली, तर तुम्ही तो घ्याल का?’ या आशयाच्या प्रश्नाने हे प्रमाण ३.१ टक्क्यांपर्यंत नेले. वर्षाला सुमारे ९६ हजार जादा नोंदणींइतका हा फरक होता. ‘रोज हजारो लोक नोंदणी करतात’ हे वाक्यही उपयोगी ठरले. मात्र त्याच वाक्याशेजारी माणसांच्या घोळक्याचे छायाचित्र येताच नोंदणी साध्या विनंतीपेक्षाही घटली. डिझायनरचा अंदाज पुरेसा नसतो, मसुदे ताडून पाहावेच लागतात, ते यामुळे.

नजची ताकद मात्र मर्यादित आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांच्या २०२२ च्या अभ्यासानुसार, विद्यापीठीय शोधनिबंधांतील नजांचा सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदू, तर अमेरिकेत प्रत्यक्ष नज राबवणाऱ्या पथकांच्या प्रयोगांत तो १.४ टक्केबिंदूच भरला. यशस्वी प्रयोगच अधिक छापले जातात, हे या तफावतीचे मोठे कारण.

हेच तंत्र फसवणुकीलाही वापरता येते. ग्राहकाच्या टोपलीत न मागितलेली वस्तू घुसवणे किंवा ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणे अशा १३ ‘डार्क पॅटर्न’ना भारताने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली. नकाराची वाट होकाराइतकीच सोपी आणि उघड असणे, ही चांगल्या नजची कसोटी.