नांदूर मधमेश्वर : गाळातून उभे राहिलेले पाणथळ

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी दगडी बंधारा बांधला गेला. दरवर्षीच्या पुराने त्यामागे गाळ साचत गेला. जलसाठ्याच्या दृष्टीने हे नुकसानच. पण त्याच गाळातून उथळ डबकी, बेटे आणि पाणवनस्पतींची दाटी तयार झाली. डुबकी न मारता उथळ पाण्यात चोच घालून खाणाऱ्या बदकांना नेमके हेच हवे असते. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उत्तरेकडून येतात. पट्टकादंब तर तिबेट-मंगोलियाच्या पठारांवरून हिमालय ओलांडणारा पक्षी!

१९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ) म्हणून त्याची घोषणा झाली. त्यानंतर लोणार आणि ठाण्याची खाडी यांनाही तो दर्जा मिळाला.

जलपर्णी आणि शेतातून वाहून येणारी खते-कीटकनाशके हे येथील खरे धोके आहेत.

पक्षी पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे अभयारण्यालगतच्या चापडगावला या, दुर्बीण आणा आणि थव्यांना उडवून फोटो काढू नका.