गोड्या पाण्याचे लहान सामूहिक मत्स्यालय : वनस्पतींची लागवड आणि माशांची निवड

प्रास्ताविक

अनेक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागात दाराशेजारी एक काचेची टाकी असते. क्वचित तिच्यात मासे असतात. पुष्कळदा मात्र कोरडे खडे, प्लॅस्टिकची वेल आणि बंद पडलेला हवेचा पंप एवढेच उरलेले असते. अशा टाकीचा इतिहास बहुधा एकसारखा असतो. एखाद्या समितीची भेट ठरते, टाकी आणली जाते, त्याच दुपारी मासेही सोडले जातात. पाणी दोन-तीन दिवस स्वच्छ दिसते, मग गढुळते, आणि तीन आठवड्यांच्या आत एकेक मासा वर तरंगू लागतो. मासे नाजूक होते, असा निष्कर्ष काढून विषय संपविला जातो.

वस्तुतः मासे नाजूक नसतात. टाकी अपुरी असते. येथे अपुरेपणा आकाराचा नसून काळाचा आहे. मत्स्यालय म्हणजे पाण्याने भरलेले भांडे नव्हे, तर मासे, वनस्पती व जिवाणू यांची परस्परावलंबी व्यवस्था होय, आणि तिच्यातील न दिसणारा घटक तयार होण्यास महिना-दीड महिना लागतो. प्रस्तुत लेखात ६० × ३० × ३० सेंटिमीटर या सर्वत्र मिळणाऱ्या आकाराची टाकी आधारास घेऊन तिच्यातील वनस्पतींची लागवड आणि माशांची निवड यांमागील कारणे स्पष्ट केली आहेत. विषय प्राणिशास्त्राचा मानला जात असला तरी त्यातील निम्मे काम वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांचे आहे.

ऐतिहासिक संदर्भ

काचेच्या भांड्यात मासे व वनस्पती एकत्र ठेवून त्यांचा समतोल साधण्याचा पद्धतशीर प्रयोग लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने केला व १८५० मध्ये मांडला. त्याच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. काही काळाने जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि पाणी पुन्हा निवळले. मासे, वनस्पती व कुजके पदार्थ खाणारा तिसरा घटक या तिघांची गरज त्याच्या ध्यानी आली. चौथा घटक म्हणजे जिवाणू, त्यांचे यातील कार्य त्याच्या काळी ज्ञात नव्हते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे.

टाकीचे गणित

वर दिलेल्या आकाराच्या टाकीचे घनफळ ५४ लिटर भरते. तळाशी चार सेंटिमीटर वाळू आणि वर चार सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, तर प्रत्यक्ष पाणी सुमारे ४० लिटर राहते. औषधाची, क्षाराची वा माशांच्या संख्येची मोजणी या ४० लिटरवर करावयाची असते, ५४ वर नव्हे. पाणी, वाळू व काच मिळून वजन ६० किलोच्या आसपास जाते. प्रयोगशाळेतील जुने लाकडी स्टूल त्यासाठी योग्य नाही. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये. शेवाळ व उष्णता ही दोन्ही संकटे तेथूनच सुरू होतात.

तळासाठी दोन-तीन मिलिमीटर जाडीची नदीची वाळू चाळून व पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घ्यावी. दुकानातील रंगीत खडे वा शिंपल्यांचे तुकडे घेण्यापूर्वी चिमूटभर नमुन्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि ते पाण्याचा कठीणपणा व सामू वाढवीत राहील. एवढी साधी चाचणी जवळपास कोणी करीत नाही, हे आश्चर्यच. आम्लाची बाटली त्याच खोलीतील कपाटात असते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना व जिवाणूंना घातक असतो. पाणी उघड्या बादलीत हवेचा पंप लावून दिवसभर ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे. एक मिलिग्रॅम क्लोरीनसाठी या क्षाराचे सुमारे सात मिलिग्रॅम स्फटिक पुरतात. म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या ४० लिटर पाण्यास सुमारे २८० मिलिग्रॅम. पाण्यात क्लोरामाइन असल्यास मात्र ते नुसते ठेवून जात नाही.

नायट्रोजन चक्र : मृत्यूचे खरे कारण

मासा आपल्या नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्याचा मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने टाकतो. उरलेले खाद्य व कुजकी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. पाठ्यपुस्तकांत दुसऱ्या टप्प्यासाठी अद्याप नायट्रोबॅक्टरचे नाव छापले जाते. परंतु गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा वर्गातील जिवाणू करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. तर २०१५ मध्ये नायट्रोस्पायराचे काही प्रकार दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात हे सिद्ध झाले. मत्स्यालयाच्या निमित्ताने शिक्षकाला हा पाठ अद्ययावत करता येईल.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया विषारी. त्यांचे प्रमाण सामू व तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के मुक्त असतो. सामू ८ झाला की हे प्रमाण पाच टक्क्यांवर जाते. म्हणजे तेवढाच अमोनिया जवळजवळ दहा पट विषारी ठरतो. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. मऊ पाण्याच्या प्रदेशासाठी लिहिलेल्या पुस्तकांतील सूचना जशाच्या तशा उचलल्या, तर जी चूक तेथे खपून जाते ती येथे जिवावर बेतते. नायट्राइटचा परिणाम वेगळा आहे. तो रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करतो, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. अशा वेळी थोडे मीठ उपयोगी पडते, कारण क्लोराइड आयन कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरण्यास अटकाव करतो. परंतु ते तात्पुरते. पाणी बदलणे हाच उपाय.

हे सारे टाळण्याचा सभ्य मार्ग म्हणजे मासे आणण्यापूर्वीच जिवाणू तयार करणे. टाकीत पाणी भरून, स्पंज फिल्टर चालू करून त्यात २५० मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळविल्यास ४० लिटरमध्ये लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनिया मिळतो. मग दर दोन-तीन दिवसांनी चाचणी संचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजावेत. अमोनिया संपत आला की तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, नंतर तोही उतरतो आणि नायट्रेट वाढत जाते. दिलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आला की टाकी तयार झाली. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या चालू टाकीतील जुना स्पंज मिळाला तर काळ बराच कमी होतो. विद्यार्थ्यांकडून या तीन रेषांचा आलेख काढून घेतला, तर सत्रातील एक उत्तम प्रकल्प हाती येतो. आणि त्यात एकही मासा मरत नाही.

वनस्पतींची लागवड

वनस्पती केवळ शोभेसाठी नसतात. त्या अमोनियम थेट शोषून घेतात, म्हणजे जिवाणूंचा भार हलका करतात. म्हणून लागवड दाट असावी व ती पहिल्याच दिवशी करावी. चार काड्या रोवून भागत नाही. मात्र अमोनियम क्लोराइडची मात्रा वरच्यापेक्षा वाढवू नये.

मागील बाजूस व्हॅलिस्नेरिया लावावी. तिची मुळे वाळूत आणि पाने जेथून फुटतात तो सांधा वाळूच्या वर, एवढे पथ्य पाळले की ती धावत्या खोडांनी स्वतःच पसरते. सांधा पुरला गेला तर रोप कुजते. बुडबुड्यांच्या प्रयोगामुळे सर्वांना परिचित असलेली हायड्रिला आरंभीच्या काळात फार उपयोगी, कारण ती झपाट्याने वाढते. तथापि दर आठवड्यास कात्री चालवावी लागते. मध्यभागी क्रिप्टोकोरिन ही संथ वाढणारी वनस्पती शोभते. तिच्या क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस, क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस या जाती भारतीय असून पश्चिम घाटाच्या परिसरातही आढळतात. तरीही त्या ओढ्यातून उपटून आणू नयेत, रोपवाटिकेतूनच घ्याव्यात. जागा बदलताच क्रिप्टोकोरिनची सगळी पाने काही दिवसांत विरघळल्यासारखी गळतात. नवखा माणूस रोप मेले असे समजून ते फेकून देतो. मुळे जिवंत असतात. दोन-तीन आठवडे हात लावू नये, नवी पाने येतात. जावा फर्नचे आडवे खोड मात्र वाळूत पुरावयाचे नसते, ते दगडाला वा लाकडाला दोऱ्याने बांधावे.

रोपवाटिकेत बऱ्याच पाणवनस्पती पाण्याबाहेर दमट हवेत वाढविलेल्या असतात. त्यांची जुनी पाने पाण्याखाली टिकत नाहीत व नवी पाने वेगळ्या आकाराची येतात. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात भिन्नपर्णता शिकविताना याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. प्रकाश प्रथम सहा तास, पुढे फार तर आठ तास ठेवावा. प्रकाश वाढवून वाढ होत नाही, शेवाळ होते.

माशांची निवड

‘गॅलनमागे एक इंच मासा’ हा नियम अजून सांगितला जातो. तो चुकीचा असण्याचे कारण साधे भूमितीचे आहे. माशाचे वस्तुमान लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चार सेंटिमीटरचे आठ मासे आणि बत्तीस सेंटिमीटरचा एक मासा यांची एकूण लांबी सारखीच, पण दुसऱ्याचे वस्तुमान सुमारे चौसष्ट पट. म्हणूनच दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश या टाकीसाठी अयोग्य ठरतो. तो पुढे वीस सेंटिमीटरही ओलांडू शकतो. काचेच्या गोल भांड्यातील गोल्डफिश तर निव्वळ क्रौर्य आहे.

सामूहिक टाकीत पाण्याचे तीन थर निरनिराळ्या माशांनी वापरावेत, हे तत्त्व धरून येथे भारतीय माशांचीच निवड सुचविली आहे. वरच्या व मधल्या थरासाठी झेब्रा डॅनिओ, आठ. हा फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात वर्णन केलेला मासा आज जगभर आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. त्याचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो थव्याने राहतो, एकटा-दुकटा ठेवल्यास दुसऱ्यांचा पाठलाग करतो. मधल्या थरासाठी हनी गोरामीची एक जोडी. तिचे वर्णनही हॅमिल्टनचेच. या माशाला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेणारे चक्रव्यूह इंद्रिय असते आणि नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. तळासाठी लेपिडोसेफॅलिक्थिस जातीचे लहान लोच, तीन वा चार. ते वाळूत तोंडापर्यंत रुतून बसतात, म्हणून तळ अणकुचीदार खड्यांचा नसावा.

हे सर्व एकदम सोडू नयेत. प्रथम डॅनिओ, दोन आठवड्यांनी लोच, शेवटी गोरामी. दर आठवड्यास दहा लिटर पाणी बदलावे आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, अन्यथा सहा आठवड्यांची कमाई क्लोरीनमध्ये वाहून जाते.

निवडीचा प्रश्न केवळ टाकीपुरता नाही. ‘मिस केरळ’ या नावाने विकला जाणारा सह्याद्रिया डेनिसोनी आणि ‘झेब्रा लोच’ या नावाचा बोटिया स्ट्रायाटा हे दोन्ही पश्चिम घाटाचे प्रदेशनिष्ठ मासे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदले आहेत आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड हे त्यामागील एक कारण आहे. मासा प्रजनन केंद्रातील की नदीतून पकडलेला, हे विभागाने विचारलेच पाहिजे. दुकानदारास उत्तर देता आले नाही, तर मासा घेऊ नये. याची दुसरी बाजू म्हणजे नको झालेले मासे नदी-तलावात सोडणे. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेला ‘सकर’ मासा आता भारतातील अनेक जलाशयांत स्थिरावला आहे. कापलेली वनस्पतीही नाल्यात टाकू नये, वाळवून खतात घालावी. जलपर्णीने काय केले ते सांगण्याची आवश्यकता नाही.

उन्हाळा आणि सुट्ट्या

२५ अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३२ अंशांना ७.३. नेमकी त्याच वेळी माशांची व जिवाणूंची गरज वाढलेली असते आणि रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात. विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयांनी एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची पातळी थोडी उतरवून फिल्टरचे पाणी उंचावरून पडू द्यावे, झाकण काढून त्याजागी जाळी लावावी व पंखा चालू ठेवावा. वीज बराच वेळ जात असल्यास बॅटरीवरील हवेचा पंप अत्यावश्यक होय, कारण थांबलेल्या फिल्टरमधील जिवाणूही गुदमरतात.

दिवाळीच्या सुट्टीत टाकी सेवकांच्या स्वाधीन होते. खाद्याचा अख्खा डबा त्यांच्या हाती देऊ नये; दयेपोटी दिलेले जादा खाद्य हेच सुट्टीतील मृत्यूंचे नेहमीचे कारण असते. निरोगी प्रौढ मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. सुट्टी त्याहून मोठी असल्यास चिमूटभर खाद्याच्या, तारीख लिहिलेल्या कागदी पुड्या बांधून ठेवाव्यात, दोन दिवसांआड एक, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी दहा लिटर पाणी बदलून जावे.