दिसते आहे, मग तपासायचे कशाला?

फुलपात्रात पाणी ओतताना ते बाहेर सांडते, एवढीच सूनबाईंची तक्रार होती. पंचवटीतील एक निवृत्त शिक्षक, वय ७१, मधुमेह जडून १४ वर्षे झालेली. दर महिन्याला ते माझ्याकडे येत, रक्तदाब मोजून घेत आणि साखरेचा अहवाल समोर ठेवत. "सरांचा हात थरथरतो का, पाहा ना डॉक्टर," असे सूनबाई म्हणाल्या. हात स्थिर होता. सहज म्हणून मी त्यांना डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचायला सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "भिंत आहे एवढे कळते."

उजव्या डोळ्याची दृष्टी कधी गेली, ते त्यांनाही सांगता येईना. डावा डोळा शाबूत असल्याने वर्तमानपत्र रोज वाचून होत होते. अंतराचा अंदाज मात्र दोन्ही डोळे मिळून देतात, म्हणून पाणी सांडत होते. यात माझाही दोष आहे. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायांची, मूत्रपिंडाची चौकशी केली. 'डोळ्याचा पडदा तपासलात का?' हे एकदाही विचारले नाही. चष्म्याचा नंबर ते दरवर्षी काढून आणत, आणि तेवढ्यावर आम्ही दोघेही समाधानी होतो.

चष्म्याचा नंबर आणि पडद्याची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टिपटलाला अतिशय बारीक रक्तवाहिन्या पोसतात. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने त्यांच्या भिंती दुबळ्या होतात, त्या फुगतात, पाझरतात, काही बंद पडतात. मग रक्ताला आसुसलेला पडदा नव्या वाहिन्या उगवू लागतो; त्या इतक्या नाजूक असतात की केव्हाही फुटतात. हे सारे घडत असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि बहुधा दिसतेही उत्तम. रुग्णाला जाणीव होते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरील मधुमेहींपैकी सुमारे १७ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर हा विकार आढळला. आणि सुमारे ९० टक्के मधुमेहींची अशी तपासणी पूर्वी एकदाही झालेली नव्हती.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे मोतीबिंदू. साठीनंतर अंधूक दिसू लागले की घरातले सगळे म्हणतात, 'मोतीबिंदू असेल, पिकला की काढू.' पिकण्याची वाट पाहण्यात पडद्याचे वर्ष-दोन वर्ष वाया जाते. शस्त्रक्रिया झालेले तर निर्धास्तच असतात. वास्तविक शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पुढच्या भागातील भिंग बदलते. मागचा पडदा जुनाच राहतो.

प्रौढ वयात मधुमेहाचे निदान होताच पहिली पडदा-तपासणी करावी, कारण निदानापूर्वी काही वर्षे साखर नकळत वाढलेली असू शकते. त्यानंतर वर्षातून एकदा. दोष आढळल्यास नेत्रतज्ज्ञ सांगतील तितक्या लवकर. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा पाहतात. वेदना होत नाहीत. काचबिंदूचा त्रास असल्यास थेंब घालण्यापूर्वी सांगावे. पुढचे काही तास जवळचे अंधूक दिसते आणि ऊन सोसवत नाही. खरे सांगायचे तर पुष्कळ ज्येष्ठांची तपासणी अडते ती इथेच. सोबतीला कोणी नसते आणि मुलांची रजा मोडावी लागेल म्हणून ते स्वतःच विषय काढत नाहीत. तेव्हा घरातल्यांनीच तो काढावा, गॉगल घेऊन सोबत जावे, आणि त्या दिवशी त्यांना गाडी चालवू देऊ नये.

दोष लवकर सापडला तर लेझरने किंवा डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनने तो बहुतेकदा आटोक्यात ठेवता येतो. डोळ्यात इंजेक्शन म्हटले की माणसे दचकतात. ते बधिर करून देतात आणि काही क्षणांत होते. उपचाराचा मुख्य हेतू उरलेली दृष्टी राखण्याचा असतो, गेलेली परत मिळेलच असे नाही. सोबत साखर, रक्तदाब आणि चरबीही ताब्यात हवी. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आला, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

सरांच्या उजव्या डोळ्याचे फारसे काही करता आले नाही. डाव्या पडद्यावरही विकार सुरू झाला होता. त्यावर लेझर झाले आणि वाचन अजून टिकून आहे. पुढच्या तपासणीची तारीख सूनबाईंनी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे. ती वाचून दाखवताना सर आता आधी एक डोळा झाकतात, मग दुसरा.