संत ब्रिजिडचा लव्हाळ्याचा क्रूस

आयर्लंडमध्ये राहणारी आम्ही सातारा-सांगलीकडील कुटुंबे १ फेब्रुवारीस संत ब्रिजिडचा सण पाळतो. प्राचीन केल्टिक लोक याच सुमारास ‘इम्बोल्क’ हा वसंतारंभ साजरा करीत. आदल्या संध्याकाळी लव्हाळा उपटून आणतात (कापीत नाहीत) आणि त्याचा चार भुजांचा क्रूस विणून दारावर व गोठ्यात लावतात; कारण ही संत गुराढोरांची व दुधदुभत्याची आश्रयदात्री. २०२३पासून या सणानिमित्त येथे सार्वजनिक सुट्टी आहे. शिंगे रंगवून बैलांना पुरणपोळी भरविणारा आपला बेंदूर तेव्हा हटकून आठवतो. मुलांनी मात्र तो पाहिलेलाच नाही. कृष्णाकाठीही लव्हाळा उगवतो, हे त्यांना खरे वाटत नाही.